बीजाणू, दमा आणि चुकलेले निदान

पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, कोपऱ्यात काळपट बुरशी उमटते आणि घरातील दमेकऱ्याची धाप वाढते. बुरशीच विषारी असावी, असा सर्वसाधारण समज त्यामागे असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’ या बुरशीचे बीजाणू अवघे २ ते ३ मायक्रॉन आकाराचे असतात. प्रत्येक मनुष्य ते रोज शेकडोंनी श्वासावाटे आत घेतो आणि बहुसंख्यांची फुफ्फुसे त्यांचा बिनबोभाट निकाल लावतात. मग काहींचाच श्वास का कोंडावा?

याचे उत्तर शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत शोधावे लागते. ‘अल्टरनेरिया’सारख्या बुरशीतील प्रथिनभेदक द्रव्यांनी श्वासनलिकेचे अस्तर डिवचले, की तेथील पेशींतून इंटरल्यूकिन-३३ नामक प्रथिन बाहेर पडते. २००५ साली ओळखले गेलेले हे प्रथिन म्हणजे धोक्याची हाकच होय. ती ऐकून जाग्या झालेल्या पेशी पुढे आणखी निरोप धाडतात. इंटरल्यूकिन-५ मुळे इओसिनोफिल जातीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते; इंटरल्यूकिन-१३ मुळे चिकट कफ साचतो; इंटरल्यूकिन-४ च्या प्रभावाने ‘आयजीई’ ही प्रतिपिंडे निर्माण होतात. १९६० नंतरच्या दशकात इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिश यांनी स्वीडनमध्ये ज्यांचा शोध लावला, ती हीच. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींना चिकटून राहतात. पुढच्या खेपेस बीजाणू येताच त्या पेशी हिस्टामीनादी द्रव्ये ओततात आणि श्वासनलिका आवळल्या जातात. चोर आलेलाच नसताना पहारेकऱ्यांनी घराची मोडतोड करावी, तसा हा प्रकार.

कित्येक दमेकऱ्यांच्या कफातच ही बुरशी वाढू लागते. या विकाराचे पहिले वर्णन १९५२ साली इंग्लंडमध्ये झाले. आपल्याकडे मात्र त्याला एक दुःखद पदर आहे. खोकला, ताप, खालावलेले वजन आणि क्ष-किरण चित्रातील डाग ही लक्षणे क्षयरोगाशी इतकी मिळतीजुळती, की थुंकीत जंतू सापडले नसतानाही अनेकांना महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली जातात. त्यांनी या विकाराला उतार पडत नाही. तोवर श्वासनलिका रुंदावून कायमच्या निकामी होऊ लागतात. वस्तुतः प्रेडनिसोलोन किंवा इट्राकोनॅझोल या परिचित औषधांनी हा आजार बहुधा आटोक्यात येतो.

क्षयाची शंका घेऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. ज्या देशात क्षय एवढा बोकाळला आहे, तेथे ती प्रथम यावी हे रास्तच. परंतु जुना दमा असलेल्या रुग्णाच्या थुंकीत क्षयाचे जंतू आढळत नसतील, तर रक्तातील ‘आयजीई’ची तपासणी व्हावयास हवी. ती जिल्हा रुग्णालयांतून सुलभ झाल्याखेरीज प्रयोगशाळेत उलगडलेल्या या साऱ्या निरोपांचा अर्थ खेड्यातील दमेकऱ्यापर्यंत पोहोचणार नाही.