सागरचे गोविंदपंत बुंदेले व त्यांचे वारस : नामसाम्याचा प्रश्न

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यास सर्वांत अधिक फसवितें तें नामसाम्य. सागर शहर नांवारूपास आणणारे गोविंद बल्लाळ खेर ऊर्फ गोविंदपंत बुंदेले यांच्या वंशावरून हें चांगलें कळतें. म्हणून तेवढाच विषय आम्ही येथें घेतों.

इ. स. 1729 त बाजीराव छत्रसालाच्या मदतीस धांवून गेला व त्या उपकारास्तव छत्रसालानें आपल्या राज्याचा वांटा पेशव्यांस दिला. मराठी सत्तेच्या या नव्या सरहद्दीवरचा कारभार पुढें गोविंदपंतांकडे आला. सागरास इ. स. 1660 च्या सुमारास उदानशहानें बांधलेला लहानसा कोट व परकोटा नांवाची वस्ती पूर्वींच होती. यास्तव पंतांस आद्य वसविणारे म्हणतां येत नाहीं. परंतु तळ्याकांठच्या त्या वस्तीस शहराचें रूप आलें तें त्यांच्या कारकीर्दींत. ‘संस्थापक’ हा शब्द इतक्याच अर्थानें घ्यावा. पानिपतच्या मोहिमेंत अबदालीची रसद तोडण्याच्या कामावर असतां डिसेंबर 1760 मध्यें ते मारले गेले.

त्यांचे पुत्र दोन : बाळाजी गोविंद सागरास व गंगाधर गोविंद काल्पी-जालवणकडे. ‘बल्लाळ’ हें बाळाजीचेंच रूप, जसें बाजीराव बल्लाळ. म्हणजे थोरल्या पुत्रास आजोबांचें नांव मिळालें. गंगाधरपंतांच्या पुत्राचें नांव पुन्हां गोविंद, म्हणजे नानासाहेब. त्यांचे पुत्र बाळाराव गोविंद. बाळाराव इ. स. 1832 त निपुत्रिक वारले व त्यांच्या पत्नीनें दत्तक घेतला; त्याचेंही नांव गोविंदराव!

एका परिचित गृहस्थांनीं आम्हांस घरची वंशावळ दाखविली. तींत ‘आमचे पूर्वज सागरच्या गोविंदपंतांच्या पदरीं होते व पंतांनीं इ. स. 1806 त इंग्रजांशीं तह केला तेव्हां हजर होते’ असें लिहिलेलें होतें. पंतांच्या मृत्यूस तेव्हां पंचेचाळीस वर्षें झालेलीं! तो तह केला नातवानें. दोन गोविंद एक झाले, आणि मधली गंगाधरपंतांची पिढी नाहींशी झाली. तिच्याबरोबर त्या गृहस्थांचाही एक पूर्वज गळला होता.

पित्याचें नांव पाहिलें म्हणजे भागतें, असें वाटेल. पण ‘बाळाजी गोविंद’ व ‘बाळाराव गोविंद’ यांस तें लावून पाहावें : दोघांचाही पिता गोविंदच, एक संस्थापकाचा पुत्र, दुसरा पणतू. तेव्हां नांव, पित्याचें नांव, वर्ष आणि स्थळ हीं चारही जुळल्यावांचून व्यक्ति निश्चित करूं नये.

वारसा रक्तानेंच चालतो असेंही नाहीं. सागरास बाळाजींचे पुत्र रघुनाथराव इ. स. 1802 त वारल्यावर त्यांच्या विधवांच्या नांवें कारभार चालला व इ. स. 1818 त सागर कंपनीकडे गेलें. जालवणचे दत्तक गोविंदराव इ. स. 1840 त वारतांच तेंही संस्थान खालसा झालें. केवळ पुरुषांचीं नांवें मांडणाऱ्या वंशावळींत या स्त्रियांस जागा नसते, आणि त्यांच्यावांचून या घराण्याची अखेर समजत नाहीं.

असो. ज्यांच्या घरीं जुने रुमाल असतील त्यांनीं वंशावळ लिहिण्यापूर्वीं प्रत्येक नांवापुढें वर्ष व गांव मांडावें, आणि जेथें तें सांपडत नाहीं तेथें जागा कोरी ठेवावी. कोरी जागा पुढें कोणी भरील. चुकीनें भरलेली कोणी तपासीत नाहीं.