मागच्या सीटवरून दिसलेला रस्ता

त्या रात्री यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारचे भाऊ नुकतेच बदली होऊन आलेले. त्यांनी लगेच गाडी काढली. म्हणाले, ‘‘वहिनी, दवाखान्याचा रस्ता तेवढा सांगत राहा.’’ आणि माझी बोबडीच वळली! तीन वर्षं दर महिन्याला मी तिथे जात होते, पण स्कूटरवर मागे बसून. चौकात डावीकडे की उजवीकडे, काही केल्या आठवेना. शेवटी यांनीच कण्हत कण्हत रस्ता सांगितला. (सगळं निभावलं हं, काळजी नको.) पण ‘बायकांना दिशा कळतच नाहीत’ हे पालुपद पुढे महिनाभर ऐकावं लागलं.

खरंच कळत नाहीत का हो?

आपल्या मेंदूत खोलवर घोडमाशाच्या आकाराचा एक भाग असतो, हिप्पोकॅम्पस. आठवणी पक्क्या करणं त्याचं काम आणि रस्ते ध्यानात ठेवणंही त्याचंच. उंदीर ठरावीक जागी आला की याच भागातली ठरावीक पेशी जागी होते, हे लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये दिसलं. या शोधासाठी २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. गंमत पुढेच आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये पाहिलं, की दोन वाटा फुटतात तिथे उंदीर थबकतो, इकडे बघतो, तिकडे बघतो. पाय जागचा हलत नाही, पण मेंदूत आधी एका वाटेवरच्या पेशी चमकतात, मग दुसऱ्या. जुन्या फेऱ्यांच्या आठवणींवर तो पुढची वाट ताडून बघत असतो!

आता वळायचं कुठे हे दुसरंच कुणी ठरवत असेल तर?

लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. तीन-चार वर्षं मोपेडवर हिंडून ते शिकतात. एलेनॉर मॅग्वायर या संशोधिकेने २००० मध्ये दाखवलं, की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. (तपासलेले सगळे पुरुषच, बरं का!) मग २००६ मध्ये तिने बसचालक तपासले. शहर तेच, वाहतूक तीच, पण मार्ग ठरलेला. त्यांच्यात टॅक्सीवाल्यांसारखी वाढ नव्हती. २०११ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. परीक्षेची तयारी सुरू करताना सगळ्यांचे मेंदू सारखेच होते, वाढ झाली ती शिकून उत्तीर्ण झालेल्यांचीच.

आणि आपल्या पालुपदाचं काय? मोबाइलवरच्या एका खेळातून जगभरातल्या लाखो लोकांची वाट शोधण्याची परीक्षा झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. सरासरीत पुरुष पुढे होते खरे, पण स्त्री-पुरुष विषमता जिथे जास्त, तिथे हा फरकही जास्त. विषमता कमी, तिथे फरकही कमी. हा कागद मी यांच्यासमोर ठेवला. ‘‘हं’’ म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

गेल्या दिवाळीपासून स्कूटी मी चालवते. आधी दोनदा भलत्याच गल्लीत शिरले, एकदा तर थेट कुणाच्या अंगणात! परवा तपासणीला निघालो, हे मागे बसलेले. चौकात म्हणाले, ‘‘अगं, डावीकडे घे.’’ मी थांबले, दोन्हीकडे बघितलं आणि उजवीकडे वळवली. तिकडून रेल्वेचं फाटक लागत नाही.