मोटारीतला केबिन फिल्टर

मोटारीत शिरणारी हवा ज्या घडीदार पडद्यातून गाळली जाते, तो केबिन फिल्टर इंजिनाच्या एअर फिल्टरहून वेगळा असून बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे, म्हणजे डॅशबोर्डाच्या कप्प्यामागे, बसवलेला असतो. धुळीने तो तुंबला, की पंखा पूर्ण वेगाने फिरूनही एसीचा झोत मंदावतो आणि पावसाळ्यात कुबट वास येऊ लागतो. अनेक गाड्यांत कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली उतरवला आणि मागच्या झाकणाचे खटके सोडवले, की जुना फिल्टर सरळ ओढून काढता येतो. मात्र नव्या फिल्टरवरील बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेशी जुळवणे, हाच या कामातला खरा कसोटीचा भाग होय. कागदी फिल्टर धुऊन वापरण्याची काटकसर निरर्थक आहे, कारण पाण्याने त्याचे तंतू बिघडतात. धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी तर तो गाडीच्या माहितीपुस्तिकेतील मुदतीआधीच बदलावा.