निळ्या डोक्याचा मासा

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की महागाई भत्ता, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर काहीतरी ऐकायला मिळणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि ती रास्तही असते. आज मी मात्र एका माशाविषयी सांगणार आहे. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. कुठल्याच शास्त्राचा नाही. वाचनालयाच्या पायऱ्या झिजवून जे हाती लागले तेवढीच माझी पुंजी. पण या विषयाकडे मी वळलो तो चळवळीमुळेच. ‘कुणी वरचा, कुणी खालचा, हा निसर्गाचाच कायदा आहे, मोठा मासा धाकट्याला खाणारच’ हे वाक्य वाटाघाटीच्या टेबलाशी मी इतक्या वेळा ऐकले, की शेवटी म्हटले, माशांचा कायदा नेमका काय आहे तो पाहू तरी!

ज्या माशाची मी निवड केली तो आपल्या समुद्रातला नव्हे. अमेरिकेच्या पूर्वेला बर्म्युडा बेटांपासून फ्लोरिडा, मेक्सिकोचे आखात, कॅरिबियन बेटे आणि तिथून खाली दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत, उथळ उबदार पाण्यात जिथे जिथे प्रवाळाचे खडक आहेत तिथे तो राहतो. इंग्रजीत त्याला ब्लूहेड रॅस म्हणतात; शास्त्रीय नाव थॅलासोमा बायफॅसिएटम. आपण त्याला नीलशीर म्हणू. रॅस हे मोठे कुळ आहे, त्यात पाचशेहून अधिक जाती आहेत. जाड ओठ ही या कुळाची खूण. त्याचे लॅबरिडी हे शास्त्रीय नावदेखील ओठ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जुळलेले आहे. हे मासे शेपटीने पाणी कापत जात नाहीत. कानशिलामागचे दोन पर वल्ह्यांसारखे मारीत, किंचित वरखाली होत पोहतात. शेपटीला हात घालायचा तो केवळ पळ काढताना. या नीलशीराचा एक सख्खा भाऊबंद, चंद्रकोरीसारख्या पिवळ्या शेपटीचा, हिंदी महासागरात आहे. आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांवर तो दिसतो.

आता ओळख. वरवर पाहता यात काही अवघड नाही. गडद निळे डोके, त्यामागे मानेशी दोन काळे उभे पट्टे, त्या दोहोंच्या मध्ये पांढरट निळसर पट्टा, आणि तिथून शेपटीपर्यंत हिरवे अंग. शेपटीची दोन्ही टोके लांब निघालेली. जास्तीत जास्त वीतभर, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर. बहुतेक त्याहून पुष्कळ लहान. ‘बायफॅसिएटम’ म्हणजे दोन पट्ट्यांचा. हे नाव १७९१ साली बर्लिनच्या मार्कुस ब्लोख यांनी दिले. ब्लोख हे पेशाने वैद्य. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्यांना जर्मन वाचता येत नव्हते. पुढे त्याच गृहस्थांनी माशांवर जे ग्रंथ लिहिले ते युरोपभर प्रमाण मानले गेले. माझ्यासारख्याला अशा माणसाविषयी जरा जास्त आपुलकी वाटते, हे श्रोते समजून घेतील.

परंतु याच खडकांवर दुसरेही मासे झुंडीने फिरताना दिसतात. हे बोटाएवढे, पाठ पिवळीधमक, पोट पांढरे, आणि डोळ्यापासून शेपटीकडे जाणारा एक काळा पट्टा. कधी तो सलग असतो, कधी तुटून चौकोनी डागांची ओळ होते. पाठीवरच्या पराच्या पुढच्या टोकाला एक काळा ठिपका. निळ्या डोक्याचा मागमूस नाही, उभे पट्टे नाहीत. एकोणिसाव्या शतकात या पिवळ्या माशाला वेगळी जात समजून वेगळे नाव दिले गेले, आणि त्यात नवल काही नव्हते. अभ्यासकापुढे येत होता तो दारूच्या बाटलीत ठेवलेला, रंग उडालेला मासा. पाण्यात उतरून, एकाच खडकापाशी दिवसचे दिवस बसून पाहिल्यावाचून हे दोघे एकच आहेत हे कळण्याची सोय नव्हती.

दोघे एकच आहेत. पिवळा हा पहिला रंग, निळा-हिरवा हा शेवटचा. पिवळ्यांमध्ये बहुतेक माद्या असतात, पण सगळ्या नव्हेत. काही जन्मापासून नर असतात आणि दिसायला हुबेहूब मादीसारखे. निळ्या डोक्याचा मात्र हटकून नर. हे निळे नर येतात कुठून? काही त्या पिवळ्या नरांतून मोठे होऊन येतात, आणि बाकीचे कालपर्यंत अंडी देणाऱ्या माद्या असतात. म्हणजे रंगावरून जात ओळखायला जावे तर फसगत, आणि पिवळ्या रंगावरून नर की मादी हे सांगू म्हटले तरी फसगत.

ओळखीच्या वाटेवर आणखी एक भामटा उभा आहे. त्याच समुद्रात ब्लेनी कुळातला एक लहान मासा आहे. त्याने पिवळ्या नीलशीराचे सोंग हुबेहूब घेतले आहे. तीच पिवळी पाठ, तोच काळा पट्टा, पोहण्याची तऱ्हासुद्धा तीच. पिवळा नीलशीर बारीकसारीक जीव टिपणारा आणि मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी किडे वेचून खाणारा, म्हणून इतर मासे त्याला बिचकत नाहीत. या ओळखीचा फायदा घेऊन तो तोतया जवळ सरकतो आणि लहान मासे-झिंगे गट्ट करतो. त्याला ओळखायचे दोन उपाय. तोंड अधिक टोकदार असते. आणि पोहून झाले की तो खडकातल्या एखाद्या भोकात मागच्या बाजूने शिरून नुसते डोके बाहेर ठेवून बसतो. खरा नीलशीर असा बिळात घर करीत नाही. तो दिवसभर उघड्यावर असतो आणि रात्र झाली की वाळूत किंवा फटीत दडून झोपतो.

त्याच्या खाण्याविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे. तिथे सार्जंट मेजर नावाचा एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा असतो. त्याचा नर खडकावर घातलेल्या अंड्यांची राखण करतो आणि जवळ येणाऱ्या एकट्यादुकट्या नीलशीराला सहज पळवून लावतो. मग पिवळे नीलशीर काय करतात? पाच-पन्नास मिळून एकदम तुटून पडतात. राखणदार एकाच्या मागे लागतो, तोवर बाकीचे अंडी फस्त करतात. याला मी संघटना म्हणणार नाही, कारण अंडी खाण्याच्या कार्यक्रमाला तो शब्द लावणे बरे नव्हे. पण संख्येचा हिशेब त्यांना कळतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लहान खडकावर एखादा निळा नर आणि पुष्कळ पिवळ्या माद्या असे कुटुंब असते. समजा, त्या नराला कुणी पकडून नेले. काही मिनिटांत, फार तर काही तासांत, माद्यांतली सर्वांत मोठी जी असेल ती नरासारखी वागू लागते. इतरांना दमात घेते, नराच्या जागेवर गस्त घालते, दुसऱ्या माद्यांची मनधरणी करते. पाठोपाठ रंग पालटू लागतो. आठ-दहा दिवसांत तिच्या अंडाशयाच्या जागी वृषण तयार होऊन त्यात जिवंत शुक्रजंतू दिसतात. आता ती मादी राहिली नाही. तो नर झाला, आणि पिल्लांचा बाप होऊ लागला.

हे घडते कसे? मादीच्या शरीरात अरोमाटेज नावाचे एक विकर असते. ते नरपणाच्या संप्रेरकाचे रूपांतर मादीपणाच्या संप्रेरकात करीत असते. नर नाहीसा झाल्यावर ज्या जनुकापासून हे विकर बनते ते बंद पडत जाते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेले, २०१९ साली प्रसिद्ध झालेले संशोधन याच माशावर होते. त्यात असे दिसले, की बदलाच्या आरंभी ताणाच्या वेळी स्रवणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक कामाला लागत असावे. आणि जनुकांवर जी रासायनिक चिन्हे असतात, ज्यांवरून कुठले जनुक चालू राहील नि कुठले बंद हे ठरते, ती चिन्हेच नव्याने मांडली जातात. मूळ जनुके तीच राहतात. वही तीच, पण कोणती पाने उघडी ठेवायची तेवढे बदलते.

याहून चमत्कारिक एक प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. माद्यांचे अंडाशयच शस्त्रक्रियेने काढून टाकले, आणि त्यांच्यावरचा नर दूर केला. तरीही त्या नरासारख्या वागू लागल्या. म्हणजे बदलाची पहिली ठिणगी अंडाशयात पडत नाही. आपल्याहून वरचढ असा आता कुणी नाही, हे डोळ्यांनी दिसते, मेंदू ते जाणतो, आणि शरीर त्याच्या मागोमाग चालू लागते.

इथे सभेत कुणीतरी नेहमी विचारतो, ‘मग मासा तुमच्या बाजूचा साक्षीदार झाला म्हणायचा का?’ मी म्हणतो, नाही. वाटाघाटीच्या टेबलापलीकडच्या माणसाने माशाला साक्षीला बोलावले तर मी हरकत घेतो. मग मीच त्याला बोलावणे न्यायाचे होणार नाही. माशांत नराच्या हाताखाली माद्या राबतात म्हणून कुणी घरातल्या बायकोला तसे वागवू नये, आणि मादीचा नर होतो म्हणून क्रांतीचे सिद्धान्तही काढू नयेत. इतकेच म्हणता येईल, की ‘जन्मतःच ठरते’ हे वाक्य या माशाच्या बाबतीत तरी खोटे आहे. इथे जन्माइतकीच जागा आणि संगत ठरवते.

जागा ठरवते म्हणजे किती, ते पाहा. अंडी घालण्याचा कार्यक्रम दिवसाढवळ्या, बहुधा दुपारच्या सुमारास होतो. लहान खडकावर निळा नर मोक्याची जागा अडवून बसतो आणि एकेका मादीशी जोडी जमवतो. पिवळ्या नरांना तो हाकलू शकतो, कारण ते थोडेच असतात. मोठ्या, गजबजलेल्या खडकावर मात्र पिवळे नर शेकड्यांनी असतात. ते घोळक्याने एकेका मादीभोवती जमून पाण्यात वर झेपावतात आणि सगळे मिळून अंडी फळवतात. एवढ्यांना हाकलणे निळ्याच्या आवाक्यात नसते. म्हणून लहान खडकांवर पिवळे नर अगदी तुरळक आणि मोठ्या खडकांवर मुबलक असतात. निळ्याच्या एकाधिकाराला खडकाचा आकार हीच मर्यादा.

आणि त्या एकाधिकाराचीही एक खोट आहे. यशस्वी निळ्या नराकडे एका दिवसात कित्येक माद्या येतात. शुक्रजंतूंचा साठा मात्र मोजका. तेव्हा तो प्रत्येकीच्या वेळी हात आखडता घेतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की ज्या नरांना सर्वाधिक माद्या लाभतात, त्यांच्याकडे फळणाऱ्या अंड्यांचे प्रमाण सर्वांत कमी असते.

फळलेली अंडी पाण्याबरोबर वाहून जातात. आईबापांचा आणि पिल्लांचा संबंध तिथेच संपतो. पुढचा हिशेब कसा लागला तेही ऐकण्यासारखे आहे. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. झाडाच्या बुंध्यात वर्षाला एक वलय चढते तसे त्या खड्यावर दिवसाला एक चढते. पनामाच्या किनाऱ्यावरील नीलशीरांचे खडे कापून बेंजामिन व्हिक्टर यांनी १९८०च्या सुमारास ही वलये मोजली. त्यावरून कळले, की पिल्लू साधारण दीड महिना, कधी त्याहूनही पुष्कळ अधिक काळ, खुल्या समुद्रात तरंगत असते. मग एखाद्या खडकाशी येऊन वाळूत पुरून घेते, तिथे सुमारे पाच दिवस काढते, आणि लहान पिवळा मासा होऊन बाहेर पडते. ज्या खडकावर ते येते तो बहुधा त्याच्या आईबापांचा नसतो. तिथे त्याचे सगळेच परके.

तरीसुद्धा त्या खडकावर एक रिवाज चालत असतो. अंडी घालण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि माद्या रोज त्याच ठिकाणी येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉबर्ट वॉर्नर यांनी पनामाच्या सान ब्लास बेटांपाशी या जागांवर बारा वर्षे नजर ठेवली. हा मासा जगतो जेमतेम तीन वर्षे. म्हणजे चार पिढ्या सरल्या, तरी जागा त्याच राहिल्या. मग त्या जागा खडकावरल्या सर्वांत उत्तम म्हणून टिकल्या, की केवळ पूर्वीपासून चालत आल्या म्हणून? वॉर्नर यांनी काही खडकांवरचे सगळे नीलशीर पकडून बाहेर काढले आणि त्यांच्या जागी दुसऱ्या खडकांवरचे आणून सोडले. नव्यांनी जुन्या जागा उचलल्या नाहीत. त्यांनी आपल्या जागा निराळ्या निवडल्या, आणि पुढे त्यांचा रिवाज त्या नव्या जागांवर चालू लागला. हे १९८८ साली प्रसिद्ध झाले. १९९० साली त्यांनी पुढचा प्रश्न सोडवला. काही खडकांवर फक्त नर बदलले, काही खडकांवर फक्त माद्या. नर बदलले तेव्हा जागा जवळपास होत्या तशाच राहिल्या. माद्या बदलल्या तेव्हा जागा बदलल्या, आणि निळे नर त्यांच्यामागून नव्या जागांवर पहाऱ्याला गेले.