माळ्यावरच्या तबकड्यांनी घेतली फिरकी!

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली की बोरिवली असो वा मुलुंड, घरोघरी एकच सीन! स्टुलावर बाबा, खाली स्टूल धरून आई, आणि माळ्यावरून उतरतंय एक जडशीळ खोकं. आत काय? आजोबांच्या काळ्या रेकॉर्ड्स, काकांच्या एलपी आणि तुमच्या कॉलेजच्या दिवसांतल्या सीडी. भंगारवाला दारात वजनकाटा घेऊन तयार. अहो, थांबा! डिस्क फेकण्यात रिस्क आहे.

आधी एक कोडं. एलपीच्या एका बाजूला खाचा किती असतात, माहीत आहे का? शंभर? हजार? उत्तर आहे एक! बाहेरून आतपर्यंत गोल गोल फिरत गेलेली एकच खाच. उलगडून सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल.

सीडीवाले, कॉलर ताठ करा. भरगच्च सीडीवरची वाट पाच किलोमीटरहून लांब असते. अशा दोन सीडी उलगडून जोडल्या की वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचा ११.४ किलोमीटरचा मार्ग जवळपास संपलाच म्हणायचा. तोही बसायला जागा मिळून!

आणि दोघींची दिशा उलटी बरं का. एलपीची सुई काठावरून मध्याकडे जाते, सीडीचा लेझर मध्यातून काठाकडे. म्हणजे एलपी ही सकाळची चर्चगेट लोकल आणि सीडी ही संध्याकाळची बोरिवली.

पुसण्याची तऱ्हाही वेगळी. एलपी पुसायची खाचेच्या दिशेनं, गोल गोल. सीडी मात्र मध्यापासून काठाकडे सरळ रेषेत. सीडीला गोल घासलंत आणि ओरखडा त्याच वाटेवर लांबत गेला, तर प्लेअरला गाळलेल्या जागा भरणं अवघड जातं.

सीडीची नाजूक बाजू कोणती, माहीत आहे का? चकचकीत बाजू म्हणालात ना? चुकलात! खालून जाडसर पॉलिकार्बोनेटचं चिलखत असतं. गाणी असतात ती वरच्या बाजूला, छापील चित्राच्या अगदी खाली, पातळ संरक्षक लेपाआड. बॉलपेननं वर ठसठशीत 'ताईचं लग्न' लिहिलंत तर सनई तिथंच अडखळायची.

आता काळ्या तबकड्यांकडे वळू. हातात घ्या. जड, कडक, आणि लेबलवर ७८ चा, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांचा आकडा? मग ती बहुतेक लाखेची. हो, तीच लाख! बांगड्यांची, सीलबंद पाकिटांची, झाडावरच्या किड्यांनी बनवलेली. जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांना ही लाख पुरवण्यात भारत आघाडीवर होता. लाखमोलाची म्हणतात ती उगाच नव्हे.

म्हणूनच एक धोक्याची घंटा. कोविडच्या काळातलं उरलेलं सॅनिटायझर काढून तबकडी चकाचक करायला जाऊ नका! सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश मारतो, आठवतंय? अल्कोहोल लागलं की तुमच्या ७८ चंही तेच होणार. गाणं पुसलं जाईल, कपडा तेवढा पॉलिश होईल.

दुसऱ्या महायुद्धात लाखेची इतकी टंचाई झाली की अमेरिकेत नवी रेकॉर्ड हवी तर जुनी परत करा, असा मामला सुरू झाला. थोडक्यात, न्यूयॉर्कमध्ये बोहारीण अवतरली!

७८ च्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. तासभर राग रंगवणाऱ्या गवयांनी तो तीन मिनिटांत कसा बसवला असेल? रील्सवाल्यांनो, शिका जरा. गायिका गौहर जाननी १९०२ मध्ये कोलकात्यात रेकॉर्डिंग केलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या मंडळींना लेबल कुणाचं लावायचं ते कळायला नको?

पण सगळ्यात भारी किस्सा आपल्या गोव्याच्या केरीचा. केसरबाई केरकर! रेकॉर्डिंगच्या बाबतीत बाई भलत्याच चोखंदळ. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब तर त्यांच्याही पुढचे. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात आली नाही. आणि शिष्येची तबकडी? ती थेट अंतराळात!

१९७७ मध्ये नासानं दोन व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी पाठवली. बारा इंची, पण वेग १६⅔, एलपीच्या बरोब्बर निम्मा. सोबत सुईसुद्धा दिली. परग्रहावर ऐन वेळी सुई कुठून आणणार? तिच्यावर बाख आहे, बीथोव्हेन आहे आणि केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवीही आहे. शिवाय ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये आपली मराठी! परग्रहवासीयांना नमस्कार-चमत्कार झाले म्हणायचे.

आता ऐका यातली खरी मेख. या संग्रहासाठी केसरबाईंची रेकॉर्ड काही केल्या मिळेना. संग्रह जमवणाऱ्या चमूतल्या ॲन ड्रुयान न्यूयॉर्कभर शोधत होत्या. शेवटी ती सापडली एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात! एक नव्हे, तीन प्रती! दुकानदारानं त्या आठवड्यात दिवाळीची साफसफाई काढली असती, तर आंतरतारकीय अवकाशात भैरवी पोचलीच नसती. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१ उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. त्यांची तबकडी आज २,४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. (आणि आपल्याला ठाण्यापलीकडे घर घ्यायचं जिवावर येतं.)

तर मंडळी, माळ्यावरून उतरलेलं खोकं आधी उपसा. ढीग भाषेनुसार किंवा गायकानुसार नको, वेगानुसार लावा. ७८ एकीकडे, ३३⅓ आणि ४५ दुसरीकडे, कारण ७८ ला सुईसुद्धा जाड लागते. एलपीची बारीक सुई तिथं खड्ड्यात पडलेल्या रिक्षेसारखी खडखडते.

लेबल फाटलंय, नाव वाचता येत नाही? तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला नंबर दिसेल. हे तिचं आधार कार्ड! जुन्या तबकड्यांचे जाणकार त्यावरूनही कुंडली मांडतात. अशा वेड्यांची संघटनासुद्धा आहे: सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, १९९० मध्ये आपल्या मुंबईतच स्थापन झालेली.

ठेवायच्या कशा? उभ्या! पुस्तकांसारख्या, शेजारी शेजारी. आडव्या रचल्या की खालचीचा पापड होतो. नव्या फ्लॅटमध्ये कप्पा करवून घेताना सुताराला उंची तेरा इंच सांगा, आणि फळी दणकट मागा. शंभर एलपींचं वजन किती, माहीत आहे का? कव्हरसकट वीस-पंचवीस किलो! पॅकर्स-मूव्हर्सच्या पोरांना आधी चहा पाजा.

उरल्या स्टेशनच्या पुलावर घेतलेल्या 'एका डिस्कमध्ये दीडशे गाणी'वाल्या एमपीथ्री आणि घरी बर्न केलेल्या सीडी. यांची गाणी आधी लॅपटॉपवर घ्या, कारण बर्न केलेल्या सीडीत गाणी रंगद्रव्याच्या थरावर असतात आणि उन्हात तो थर उतरतो.

नंतर त्या खिडकीच्या ग्रिलला दोऱ्यानं टांगता येतात, कबुतरं घाबरवायला. अख्ख्या घाटकोपरचा घरगुती उपाय! आमच्याकडेही लावल्यात चार. त्यातली 'सुपरहिट्स २००४' वाऱ्यावर मस्त फिरते. तिच्या बरोब्बर खाली, कुंडीत, कबुतरीनं काल दोन अंडी घातलीत.