धारेवरून परत

बर्फ म्हटले की आम्हा लोहाऱ्याकडच्या माणसांना आठवते ती रसवंतीतली, गोणपाटात गुंडाळलेली लादी. आमचा हिवाळा हुरड्याचा. आगटीभोवती बसावे, ज्वारीची कोवळी कणसे भाजावीत, तळहातावर चोळून गरम दाणे तोंडात टाकावेत, यापलीकडे थंडीकडून आमची अपेक्षा नसते. म्हणूनच गेल्या डिसेंबरात माझ्या मित्राने "चल, बर्फात डोंगर चढायला जाऊ" असे सुचवले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "ऐन हुरड्यात?"

हा मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतो. मी त्याला 'मास्तर' म्हणतो आणि तो मला, माझी जिरवायची असली की, 'प्रोफेसर' म्हणतो. आम्ही बरोबरीचे, दोघेही चाळिशी ओलांडलेले. आजवर आम्ही चढलेला सर्वांत मोठा चढ म्हणजे नळदुर्गाचा उपळी बुरूज!

जायचे ठरले केदारकंठ्याला. उत्तरकाशी जिल्ह्यातले हे शिखर सुमारे 3,800 मीटर उंच आहे. अलीकडे पुण्यामुंबईची तरुण मंडळी हिवाळ्यात तिकडे बरीच जातात. डेहराडूनहून मोटारीने दोनशे किलोमीटरांच्या आसपास वळणावळणांचा रस्ता कापला की सांकरी गाव येते. आपले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर. सांकरी हे पायथ्याचे गावच त्याहून उंच! मोटारीतून उतरल्याबरोबर आम्ही महाराष्ट्राच्या डोक्यावर उभे होतो.

दुसऱ्या दिवशी देवदारांच्या रानातून चढ सुरू झाला. वाटाड्याने आमच्या बुटांवर लोखंडी काट्यांच्या साखळ्या चढवल्या. पायवाटेवरचे बर्फ तुडवून घट्ट झालेले असते. त्यावर घसरू नये म्हणून हे काटे. पण वाट सोडून मी एकच पाऊल बाजूला टाकले मात्र, मांडीपर्यंत आत गेलो! कॅनडासारख्या थंड मुलखांत अशा भुसभुशीत बर्फासाठी टेनिसच्या रॅकेटसारखे रुंद जोडे पायांना बांधतात. माणसाचे वजन पसरते आणि पाय रुतत नाही. मला बाहेर ओढता ओढता मास्तर म्हणाला, "आपल्या काळ्या रानात गाडी रुतल्यावर चाकाखाली तुराट्या टाकतात, तेच हे. शास्त्र एकच."

पहिला मुक्काम 'जुडा का तालाब' या गोठलेल्या तळ्याकाठी झाला. दुसरा त्याच्या बराच वर, उघड्या माळावर. वाटाड्या म्हणत होता की मध्ये एक दिवस विसावा घ्यावा. मी ऐकले नाही. रजा संपत आली होती आणि मला वाटले, दिवस वाचवला. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या झोपेची जागा पाचशे मीटरांहून जास्त उंच नेऊ नये, असे डॉक्टर सांगतात. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशावर येतो. श्वासागणिक प्राणवायू तेवढाच कमी. शरीराला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. पण मराठीच्या प्राध्यापकाला घाई होती.

त्या रात्री तंबूत जाग आली तेव्हा मास्तर उठून बसला होता.

"झोप नाही लागली?"

"पहाटं मला लागतच नाही. तुला ठाऊकच आहे की."

ठाऊक होते. मास्तर सास्तूरचा. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव दमून झोपले, आणि 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हलली. आमच्याकडची ती जुनी घरे! दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीने लादलेले माळवद. उन्हाळ्यात गार वाटणारे ते छप्परच निजलेल्या माणसांवर आले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून आठ हजारांच्या घरात माणसे गेली. अकरा वर्षांचा मास्तर मंडळाच्या पोरांबरोबर बाहेर पारावर झोपला होता. आत आजी होती आणि धाकटी बहीण.

"मी पोरांना दर साली शिकवतो," तो अंधारात बोलू लागला, "की आपली भूमी वर्षाला पाचेक सेंटिमीटर उत्तरेकडं सरकते. वीतभर जायला चार-साडेचार वर्षं. पाच कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला भिडली आणि हिमालय उठला. अजून रेटा चालूच आहे. तोच ताण आपल्या खडकात साठतो आणि कधीतरी आपल्याकडं फुटतो. ज्याच्यापायी आमचं घर पडलं, तो डोंगर एकदा बघायचा होता मला."

इतक्या वर्षांत हे तो मला कधीच बोलला नव्हता. मी समजत होतो, आम्ही सहलीला आलो आहोत.

तीन वाजता निघालो. कपाळावर विजेऱ्या, हातात काठ्या. तासाभराने वाट डोंगराच्या धारेवर चढली. दोन्ही अंगांना उतार, मध्ये चार हातांची पांढरी पट्टी. मास्तर माझ्यापुढे होता. विजेरीच्या उजेडात मला त्याची पावले दिसत होती आणि ती सरळ पडत नव्हती. मी हाक मारली. त्याने उत्तर दिले, "घंटा झाली का?" मला वाटले, थट्टा करतो आहे. मग तो वाकला आणि ओकला.

वाटाड्याने त्याला एका रेषेत टाचेला पाऊल लावून चालायला सांगितले. जमेना. उंचीवर डोके दुखणे, मळमळणे बऱ्याच जणांना होते. पण तोल जाऊ लागला, बोलणे भलतेच येऊ लागले, तर मेंदूला सूज येत असल्याची ती खूण असते. मग वाट पाहायची नसते. औषधाहून मोठे औषध एकच, ताबडतोब खाली उतरणे.

"तू जा वर," मास्तर पुटपुटला. "मी बसतो इथं."

शिखर तासाभरावर होते. खोटे कशाला सांगू, क्षणभर माझी नजर वर गेली. मग मी त्याच्या काखेत हात घातला.

आम्ही उतरू लागलो आणि उजाडले. समोर बंदरपूंछ आणि स्वर्गारोहिणी एकामागून एक तांबूस झाल्या. पांडव शेवटी गेले ती वाट या स्वर्गारोहिणीची, असे तिकडचे लोक मानतात. त्या कथेत एकेक सोबती पडत गेला तरी धर्मराजाने मागे पाहिले नाही. मी वर्गात ती कथा मोठ्या भक्तीने सांगत आलो आहे. त्या सकाळी मात्र मला आठवला तो शेवटचा धर्मराज, कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात पाऊल न टाकणारा.

दीड-दोन तास उतरल्यावर मास्तरची पावले सरळ पडू लागली. एका खडकावर बसून त्याने चहा घेतला आणि बराच वेळ शिखरांकडे पाहत राहिला.

"राग धरून आलो होतो रे," तो म्हणाला. "इतका देखणा असेल असं वाटलं नव्हतं."

मी विचारले, "मग? गेला राग?"

"डोंगराला काय ठाऊक, त्याच्यापायी खाली कुणाचं काय पडलं ते." त्याने पेला झटकला. "घरं आपण नीट बांधायला हवी होती. आता तेवढंच शिकवीन पोरांना."

सांकरीला पोचल्यावर त्या रात्री तो गाढ झोपला. पहाटे चारला जागा होतो तो मी.