अंगणातल्या लढाईतले खरे हेल्मेट

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीसेक वर्षांत अमेरिकेत वाढलेल्या मुलांना लढाई-लढाई खेळताना सगळीच सामग्री खोटी वापरावी लागली नाही. बंदूक लाकडाची किंवा पत्र्याची असे, गोळीचा आवाज तोंडाने काढावा लागे. पण डोक्यावरचे हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि पट्ट्याला लटकणारी पाण्याची बाटली मात्र अस्सल लष्करी असे. नॉर्मंडीपासून ओकिनावापर्यंत लढलेल्या सैन्यासाठी तयार झालेला हा माल गावोगावच्या ‘आर्मी-नेव्ही स्टोअर’मध्ये खाऊच्या पैशांत मिळत होता. मुले मोठी झाली, वस्तू माळ्यावर नाहीतर गॅरेजच्या कोपऱ्यात गेल्या, बऱ्याचशा भंगारातही गेल्या. आज साठी-सत्तरी ओलांडलेली तीच मुले त्याच वस्तू अनेक पटींनी अधिक पैसे मोजून पुन्हा घरी आणत आहेत. या छंदाचा एव्हाना चांगला मोठा बाजार झाला आहे. तिथे खऱ्या-खोट्याची भांडणे रोजची आहेत. पण संग्राहकांना खरोखर पेचात टाकणारा प्रश्न निराळाच आहे. पट्ट्याच्या आतल्या बाजूस एका सैनिकाचा क्रमांक असेल आणि त्यावरच एका शाळकरी मुलाने बॉलपेनने आपले नाव लिहिलेले असेल, तर त्यातले काय राखायचे आणि काय पुसायचे?

हा माल बाजारात आला कसा, हे आधी पाहायला हवे. महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सेनादलांतून १ कोटी ६० लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांनी सेवा केली. त्यांच्यासाठी जोडे, तंबू, चमचे, पट्टे, हेल्मेटे यांचे उत्पादन अवाढव्य प्रमाणावर झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली तेव्हा जपानच्या भूमीवर स्वारी करण्यासाठी जमवलेली सामग्री गोदामांत तशीच उरली. असे काही होणार, हे गृहीत धरून अमेरिकी संसदेने ऑक्टोबर १९४४ मध्येच शिल्लक युद्धसामग्रीच्या विक्रीचा कायदा केला होता. १९४६ मध्ये त्यासाठी ‘वॉर ॲसेट्स ॲडमिनिस्ट्रेशन’ हे खाते उभे राहिले आणि १९४९ मध्ये ते गुंडाळले गेले. दरम्यानच्या काळात विमाने आणि अख्खे कारखाने यांपासून जेवणाच्या पत्र्याच्या ताटल्यांपर्यंत सारे विकायला निघाले. आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी असलेला ‘मिलिटरी डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग अशाच विक्रीची आठवण आहे.

अमेरिकेत हा व्यापार तसा नवा नव्हता. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमन यांनी तेथील यादवी युद्धानंतर शिल्लक लष्करी सामानाचा धंदा सुरू केला. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर त्यांच्याकडे इतका दारूगोळा जमा झाला की तो शहरात ठेवणे धोक्याचे ठरले. म्हणून त्यांनी हडसन नदीतले एक बेट विकत घेतले आणि त्यावर किल्ल्याच्या घाटाचे गोदाम बांधले. मात्र बॅनरमन यांचे गिऱ्हाईक प्रौढ होते. मध्यमवर्गीय घरातला दहा वर्षांचा मुलगा या दुकानांचा नेमाने येणारा ग्राहक झाला, तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

या साऱ्या खजिन्यात मानाचे पान हेल्मेटचे. ‘एम-१’ या नावाने ओळखले जाणारे हे हेल्मेट १९४१ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारले. पहिल्या महायुद्धातल्या उथळ, पसरट हेल्मेटची जागा त्याने घेतली. मँगनीजयुक्त पोलादाच्या एकाच पत्र्यावर दाब देऊन ते घडवलेले असे. युद्ध संपेपर्यंत अशी सुमारे २ कोटी २० लाख हेल्मेटे तयार झाली. त्यातली बहुसंख्य डेट्रॉइटच्या ‘मॅककॉर्ड रेडिएटर’ या कंपनीने बनवली, उरलेली सेंट लुईसच्या ‘श्ल्युटर’ने. या हेल्मेटची खुबी अशी की ते दुहेरी होते. बाहेर पोलादी कवच आणि आत त्याच आकाराचे, राळेत भिजवलेल्या कापडाचे हलके टोपडे. त्याला ‘लायनर’ म्हणत. कवच निराळे काढता येत असल्याने सैनिक त्यात पाणी घेऊन दाढी करत, तोंड धूत. मुलांच्या दृष्टीने महत्त्व होते ते आतल्या टोपड्याला. पोलादी कवचासह सव्वा किलोहून अधिक भरणारे हेल्मेट लहान डोक्यावर घालून धावू लागले की ते नाकावर येई. नुसते लायनर मात्र हलके आणि दिसायला थेट हेल्मेटसारखे. त्यामुळे असंख्य अंगणांत लढाया झाल्या त्या लायनर घालूनच. घरातल्या पोलादी कवचाच्या नशिबी पुढे कुंडी होणे आले, किंवा कोंबड्यांच्या पाण्याचे भांडे.

पाण्याची बाटलीही तितकीच लोकप्रिय होती. अमेरिकी लष्करी भाषेत तिला ‘कॅन्टीन’ म्हणतात. आपल्याकडच्या चहा-वडा मिळणाऱ्या कॅन्टीनशी तिचा संबंध नाही. ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची ही बाटली, तिच्या बुडाशी घट्ट बसणारा पेला आणि दोन्हींवर कॅनव्हासचे खोळ असा तिचा थाट असे. १९४२ मध्ये धातूची टंचाई जाणवू लागली तेव्हा काही बाटल्या काळसर मीना चढवलेल्या लोखंडी पत्र्याच्या निघाल्या. त्यांचा मीना टवके उडून निघे, म्हणून सैनिकांना त्या नकोशा असत. टिकल्या थोड्या, म्हणून आज संग्राहक त्यांच्याच मागे धावतात. संग्रहाच्या जगाचा हा न्यायच आहे: वापरणाऱ्याने जे नाकारले, ते जमवणाऱ्याला हवे असते.

या खेळाला दूरचित्रवाणीने खतपाणी घातले. ‘कॉम्बॅट!’ ही नॉर्मंडीतल्या एका अमेरिकी तुकडीची मालिका १९६२ ते १९६७ या काळात घरोघर पाहिली जात होती. १९६४ मध्ये ‘हॅस्ब्रो’ने ‘जी. आय. जो’ हा सैनिक-बाहुला बाजारात आणला. बॉय स्काऊटची मुले याच दुकानांतले तंबू आणि ताटल्या घेऊन सहलीला जात. शेजारच्या घरातला बाप किंवा काका प्रत्यक्ष युद्धावरून आलेला असे. बहुधा तो त्याविषयी बोलत नसे आणि मुले मात्र त्याचीच हेल्मेटे घालून झुडपांतून सरपटत असत. व्हिएतनामचे युद्ध चिघळले तसा या खेळाचा रंग उतरला. १९७० मध्ये ‘जी. आय. जो’लासुद्धा सैनिकाऐवजी साहसी प्रवासी व्हावे लागले. त्याच सुमारास शिल्लक मालाच्या दुकानातली लष्करी जाकिटे युद्धविरोधी मोर्चांत दिसू लागली होती, हा त्यातला आणखी एक विरोधाभास.

एम-१ हेल्मेट लष्कराच्या सेवेत राहिले ते १९८० च्या दशकापर्यंत, केव्हलारचे हेल्मेट येईपर्यंत. म्हणजे कोरिया आणि व्हिएतनाम या दोन्ही युद्धांनंतर शिल्लक मालाच्या नव्या लाटा आल्या. त्यातली कित्येक हेल्मेटे महायुद्धातलीच, पण नवा रंग आणि नवे पट्टे लावून पुन्हा सैनिकांना दिलेली. त्यामुळे हातातले हेल्मेट कोणत्या काळचे, हे ओळखणे ही संग्राहकाची पहिली परीक्षा ठरते. हनुवटीचा पट्टा ज्या कड्यांत अडकतो त्या सुरुवातीच्या हेल्मेटांत पक्क्या जोडलेल्या होत्या. हेल्मेट आपटले की त्या तुटत, म्हणून १९४३ पासून हलत्या कड्या आल्या. काठावरच्या धातूच्या पट्टीचा सांधा आधी पुढे, कपाळाच्या बाजूस असे. १९४४ च्या अखेरीस तो मागे गेला. कॅनव्हासचा रंगही युद्धाच्या मध्यावर फिकट खाकीकडून गडद हिरव्याकडे वळला. पोलादात आतल्या बाजूस ठोकलेला बारीक आकडा भिंगाने पाहून उत्पादनाचा काळ अजमावतात.

एवढी बारकाईने तपासणी लागते, कारण नकली माल उदंड आहे. जुन्या लढायांची प्रात्यक्षिके करणाऱ्या हौशी मंडळींसाठी हुबेहूब नवे पट्टे आणि पिशव्या विकल्या जातात. त्यात गैर काही नाही. परंतु त्यांवरही ‘यू. एस. १९४३’ असे छापलेले असते आणि चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात टाकून काही काळाने तोच माल अस्सल म्हणून फिरू लागतो. हवाई छत्रीधारी सैनिकांच्या हेल्मेटना सर्वाधिक किंमत येते, म्हणून साध्या हेल्मेटच्या कड्या बदलून त्यांना छत्रीधारी बनवणारेही आहेत. इथे मुलांच्या खेळाने एक गमतीदार गुंता करून ठेवला आहे. खेळात कोणीतरी लेफ्टनंट होई आणि हेल्मेटवर पांढरी पट्टी ओढी. कोणी डॉक्टर होई आणि बापाच्या डब्यातल्या तांबड्या रंगाने क्रॉस काढी. साठ वर्षांत तो रंगही फिकट झाला, तडकला. आता ते हेल्मेट अधिकाऱ्याचे वा वैद्यकीय पथकाचे म्हणून विकायला येते. मुलाने कोणाला फसवण्यासाठी ते रंगवले नव्हते. पण विकणाऱ्याला बहुधा हे ठाऊक असते.

या सगळ्याहून मोलाची खूण म्हणजे सैनिकाचा धुलाई क्रमांक. आडनावाचे पहिले अक्षर आणि सैनिकी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, अशी ही खूण कपड्यांवर, पट्ट्यांवर, लायनरच्या आतही शाईने केलेली असे. सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जात, तेव्हा आपले ओळखता यावेत, हा साधा हेतू. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने महायुद्धकालीन सुमारे ९० लाख भरती-नोंदी संगणकावर शोधता येतील अशा खुल्या केल्या आहेत. त्यांत अक्षर आणि आकडे जुळवून पाहिले तर काही नावांची यादी हाती लागते. एकच नाव क्वचितच मिळते. मग वस्तू कोणत्या गावात सापडली, तिथे जवळपास त्या आडनावाचे घर होते काय, अशा धाग्यांवरून यादी कमी करत जावे लागते.

या खटाटोपाचे महत्त्व कळण्यासाठी १२ जुलै १९७३ ही तारीख लक्षात घ्यावी लागते. त्या दिवशी सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय सेवा-अभिलेख केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात भूदलातून निवृत्त झालेल्यांच्या फायलींपैकी सुमारे ८० टक्के फायली त्यात गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. दोन्ही महायुद्धांत लढलेल्या लक्षावधी साध्या शिपायांचा सेवावृत्तांत असा एका आगीत संपला. ज्याची फाईल जळाली, त्याच्या बाबतीत वेतनपट, दवाखान्याच्या नोंदी, भरतीची ओळ असे विखुरलेले पुरावेच उरतात. अशा वेळी पट्ट्यावरचे ‘एम-४४७२’ यासारखे पाच खुणांचे अक्षर-अंकही पुराव्यात भर घालतात.

आणि नेमका हाच पुरावा साबणाने जातो. जुना पट्टा मिळाला की तो स्वच्छ धुवून भिंतीवर टांगावा, असे कोणालाही वाटेल. पण धुण्याने शाई फिकी होते आणि आणखी एक नुकसान होते. हल्लीचे कृत्रिम धागे अतिनील दिव्याखाली चमकतात, महायुद्धकालीन सुती कापड चमकत नाही. म्हणून अस्सलपणाची ही एक सोपी चाचणी मानली जाते. आधुनिक कपडे धुण्याच्या पावडरीतही असेच चमक देणारे द्रव्य असल्याने धुतलेला अस्सल पट्टाही नकलीसारखा उजळतो. बॉलपेनने लिहिलेले मुलाचे नाव काढण्यासाठी रसायने वापरली तर त्याखालची जुनी शाई आधी जाते. त्यामुळे जाणकार संग्राहकांचा कल अलीकडे वस्तू आहे तशी ठेवण्याकडे दिसतो. पूर्वी ‘पोरांनी खराब केलेला माल’ म्हणून बाजूला सारल्या जाणाऱ्या वस्तूंकडे ते आता निराळ्या नजरेने पाहतात. ते योग्यही आहे. खेळणे म्हणून घरात राहिली नसती, तर यातली बरीच सामग्री भंगारातच गेली असती.

जपून ठेवण्यासारखे नसते असेही काही या पेट्यांतून निघते. ब्रिटनमध्ये महायुद्धकालीन वायुमुखवटे शाळांतून मुलांना घालायला दिले जात. त्यांतल्या बहुतेकांच्या गाळण्यांत ॲस्बेस्टॉस असल्याचे आढळल्यावर २०१४ मध्ये शाळांना ते वापरू नका, असा इशारा देण्यात आला. अंधारात चमकणाऱ्या जुन्या होकायंत्रांच्या तबकड्यांत रेडियम असू शकते. काच फुटलेली असेल तर त्यांना हात न लावणे बरे. सर्वांत गंभीर बाब हातबॉम्बची. निकामी केलेले हातबॉम्ब दुकानांत टेबलावरचे वजन म्हणून खुलेआम विकले जात आणि मुले ते खेळात फेकत. त्यांत एखादा जिवंत निघू शकतो, हे डिसेंबर २०२० मध्ये दिसले. नॉर्थ कॅरोलायनातील जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्याच वर्षी विकला गेलेला एक हातबॉम्ब व्हर्जिनियातील ॲबिंग्डन येथे फुटला आणि एक किशोरवयीन मुलगा मरण पावला. संशय आला तर वस्तू हलवू नये आणि पोलिसांना बोलवावे, एवढेच सर्वसामान्य माणसाने करायचे असते.

आता संग्राहकांची ही पिढीही थकत चालली आहे. छोटी संग्रहालये अशा वस्तू सरसकट स्वीकारत नाहीत, कारण तेच हेल्मेट त्यांच्याकडे आधीच असते. मुलांना रस नसला तर वारसदार सारा संग्रह एकगठ्ठा विकतात आणि कोणती वस्तू कोणाकडून, कोणत्या गावात मिळाली, ही माहिती विक्रीच्या दिवशीच हरवते. म्हणून काही जण प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवतात. वस्तू कधी मिळाली, कोठे मिळाली, आत कोणता क्रमांक आहे, आणि ज्या मुलाने ती खेळायला वापरली त्याचे नाव ठाऊक असेल तर तेही. चिठ्ठी पेन्सिलीने लिहितात. शाई कापडाला लागू नये म्हणून.